नव्वद टक्के लोक टिकून राहतात, समाधानी किती?

२०१० साली जगभरात सुमारे २९ कोटी ६६ लाख स्मार्टफोन विकले गेले. गार्टनर या बाजारसंशोधन संस्थेने त्यांची ऑपरेटिंग सिस्टिमनुसार विभागणी केली, ती अशी : सिंबियन ३७.६ टक्के, अँड्रॉइड २२.७, ब्लॅकबेरी १६, आयओएस १५.७ आणि मायक्रोसॉफ्ट ४.२ टक्के. सहा वर्षांनी, २०१६च्या शेवटच्या तिमाहीत, याच संस्थेच्या तक्त्यात अँड्रॉइड ८१.७ टक्के आणि आयओएस १७.९ टक्के होतं. विंडोजच्या वाट्याला ०.३ टक्के उरले होते. ब्लॅकबेरीपुढे ०.० लिहिलं होतं, कारण त्या तिमाहीतल्या सुमारे ४३ कोटी फोनांपैकी ब्लॅकबेरी सिस्टिमचे जेमतेम २ लाख ८ हजार होते. सिंबियनचं तर नावही नव्हतं.

पहिल्या तक्त्यातल्या सिंबियन, ब्लॅकबेरी आणि मायक्रोसॉफ्ट यांची बेरीज ५७.८ टक्के होते. म्हणजे २०१०मध्ये स्मार्टफोन घेणाऱ्या दर शंभरांपैकी अठ्ठावन्न जणांनी निवडलेली सिस्टिम सहा वर्षांत बाजारातून जवळपास नाहीशी झाली. हे सतरा कोटींहून अधिक फोन होतात. आपण निवडलेल्या सिस्टिमवर लोक दीर्घकाळ समाधानी राहतात का, याचा शोध या आकड्यापासून सुरू करायला हवा. यातल्या कित्येकांची आपल्या फोनबद्दल काहीच तक्रार नव्हती. त्यांनी फोन सोडला नाही. ज्या सिस्टिमवर तो चालत होता, तिची साथ संपली.

टिकून राहणं कसं मोजतात

या विषयावर सर्वाधिक फिरणारा आकडा निष्ठेचा असतो. अमेरिकेतली कंझ्युमर इंटेलिजन्स रिसर्च पार्टनर्स ही संस्था नवा फोन घेणाऱ्यांना आधीचा फोन कोणत्या सिस्टिमचा होता हे विचारते. तिच्या पाहणीनुसार २०१७अखेर अमेरिकेत फोन बदलताना अँड्रॉइडवरच राहणारे ९१ टक्के होते आणि आयओएसवर राहणारे ८६ टक्के. २०२३मध्ये आयओएसचा आकडा ९४ टक्क्यांवर गेला, अँड्रॉइडचा ९१च्या आसपासच राहिला. पाच-सहा वर्षांत पुढे कोण आणि मागे कोण हे उलटलं, पण दोन्ही वेळा दोघांमधलं अंतर थोड्याच टक्क्यांचं होतं.

हे दर एका फोन-बदलाचे आहेत, हे विसरून चालणार नाही. माणूस दर तीन वर्षांनी फोन बदलतो असं धरलं, तर नऊ वर्षांत तीनदा हा प्रश्न त्याच्यासमोर येतो. ९१ टक्क्यांचा दर तीनदा लावला की उरतात सुमारे ७५ टक्के, ९४चा लावला की ८३, आणि ८६चा लावला की ६४. म्हणजे एका वेळी दहातला एकच जण सोडून जात असला, तरी नऊ वर्षांत साधारण चौघांतला एक जण एकदा तरी पलीकडे गेलेला असेल. प्रत्यक्षात चित्र इतकं सरळ नसतं. काही लोक वारंवार इकडून तिकडे जातात आणि बाकीचे कधीच हलत नाहीत, त्यामुळे कधीच न हलणाऱ्यांचं प्रमाण या गणितापेक्षा जास्त भरू शकतं. तरीही ‘एकदा निवडलं की कायमचं’ हा समज नव्वद टक्क्यांच्या आकड्यावरून करून घेऊ नये.

आता समाधानाचा थेट आकडा पाहू. अमेरिकन कस्टमर सॅटिस्फॅक्शन इंडेक्स हा निर्देशांक ग्राहकांच्या समाधानाला शंभरपैकी गुण देतो. गेली काही वर्षं त्यात अ‍ॅपल आणि सॅमसंग दोघेही ८०च्या आसपास आहेत आणि त्यांच्यातलं अंतर एखाद-दुसऱ्या गुणाचं असतं. इंटरनेटवर ज्या हिरीरीने दोन्ही बाजू भांडतात, त्या हिरीरीला या आकड्यांत आधार नाही. दोन्हीकडचे बहुतेक लोक बऱ्यापैकी समाधानी आहेत, आणि जवळजवळ सारखेच.

टिकून राहणं आणि समाधानी असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुलांची शाळा जवळ आहे, रेशनकार्डावर तोच पत्ता आहे, म्हणून भाड्याच्या घरात दहा वर्षं राहणारा भाडेकरू त्या घरावर खूश असेलच असं नाही. नव्वद टक्क्यांत खूश असलेले लोक आहेत, सवयीने राहिलेले आहेत आणि हलणं परवडत नाही म्हणून राहिलेलेही आहेत. निष्ठेचा आकडा या तिघांना एकाच रकान्यात घालतो.

हलणं अवघड का होतं

सिस्टिम बदलण्यातली सर्वांत मोठी अडचण मागे राहणाऱ्या गोष्टींची असते. अ‍ॅपलने ‘मूव्ह टू आयओएस’ हे अ‍ॅप सप्टेंबर २०१५मध्ये अँड्रॉइडसाठी आणलं, तेव्हापासून संपर्क, फोटो आणि संदेश नेणं सोपं झालं. पण भारतातल्या बहुसंख्य लोकांचा खरा ठेवा व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पांत असतो. त्या एका सिस्टिमवरून दुसऱ्या सिस्टिमवर नेण्याची अधिकृत सोय २०२१ आणि २०२२मध्ये टप्प्याटप्प्याने मिळाली. त्याआधी सिस्टिम बदलणं म्हणजे आई-वडिलांचे जुने संदेश, कामाची कागदपत्रं, गटांतली सगळी देवाणघेवाण मागे ठेवून जाणं होतं.

बाकीच्या भिंतीही अलीकडेच खचल्या. आयफोन १५ला सप्टेंबर २०२३मध्ये यूएसबी-सी जोडणी आली, त्यामुळे घरातला एकच चार्जर सगळ्यांना चालू लागला. सप्टेंबर २०२४मध्ये आयओएस १८सोबत आयफोनला आरसीएस या, अँड्रॉइडवर आधीपासून चालणाऱ्या, संदेशपद्धतीची सोय मिळाली. त्याच वर्षी २१ मार्चला अमेरिकेच्या न्याय खात्याने अ‍ॅपलवर मक्तेदारीचा खटला दाखल केला. ग्राहकांना आयफोन सोडणं मुद्दाम अवघड केलं जातं, हा त्यातला एक प्रमुख आरोप आहे. दुसऱ्या बाजूला घड्याळ आणि इअरफोन यांनी नवी बंधनं तयार केली. अ‍ॅपल वॉच आयफोनशिवाय नीट वापरता येत नाही, त्यामुळे ते घेतलेल्या माणसाला पुढचा फोन निवडताना दोन वस्तूंचा हिशेब करावा लागतो. अमेरिकेत २०१७नंतर वाढलेल्या निष्ठेत समाधानाचा वाटा किती आणि या बंधनांचा किती, हे ९४ या एका आकड्यातून वेगळं काढता येत नाही.

अपडेटची वर्षं

दीर्घकालीन समाधानाचा सर्वांत भक्कम मोजता येणारा पाया म्हणजे फोनला किती वर्षं अपडेट मिळतात हा. इथे दोन सिस्टिममधलं अंतर खरोखर मोठं होतं. २०१८च्या शरदात आलेलं आयओएस १२ हे फेब्रुवारी २०१९पर्यंत अ‍ॅपलच्या स्वतःच्या आकडेवारीनुसार ८० टक्के उपकरणांवर पोहोचलं होतं. ऑगस्ट २०१८मध्ये आलेलं अँड्रॉइड ९ हे मे २०१९पर्यंत, गूगलच्याच आकडेवारीनुसार, १०.४ टक्के फोनांवर होतं.

याचं कारण साखळीत आहे. आयफोनची सिस्टिम, चिप आणि फोन एकाच कंपनीच्या हातात आहेत. अँड्रॉइडचं नवं रूप गूगल तयार करतं, मग चिप बनवणाऱ्या कंपनीने त्याला जुळवून घ्यावं लागतं, मग फोन बनवणाऱ्या कंपनीने त्यावर स्वतःचे बदल चढवून चाचण्या घ्याव्या लागतात, आणि काही देशांत मोबाइल सेवा कंपनीचीही संमती लागते. चिपवाल्याने हात काढून घेतला की पुढचे सगळे अडकतात. अ‍ॅमस्टरडॅमच्या फेअरफोन या लहान कंपनीने २०१५अखेर आणलेल्या फेअरफोन २ला मार्च २०२३पर्यंत, म्हणजे सात वर्षं, अपडेट दिले. चिपवाल्यांचा पाठिंबा थांबल्यावरही त्यांनी ते काम स्वतः केलं. यावरून एवढं सिद्ध झालं की अडथळा तंत्राचा कमी आणि इच्छेचा जास्त होता.

गूगलने २०१७च्या अँड्रॉइड ८मध्ये प्रोजेक्ट ट्रेबल आणून चिपशी निगडित भाग आणि वरची सिस्टिम वेगळी केली. २०१९च्या अँड्रॉइड १०पासून सुरक्षिततेचे काही भाग थेट प्ले स्टोअरमार्गे बदलू लागले. याच पायावर ऑक्टोबर २०२३मध्ये गूगलच्या पिक्सेल ८ला सात वर्षांचं वचन मिळालं आणि जानेवारी २०२४मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ला तेच दिलं. २०१६च्या पहिल्या पिक्सेलला सिस्टिमचे अपडेट दोनच वर्षं मिळतील असं सांगितलं होतं, हे आठवलं की हा बदल केवढा मोठा आहे ते कळतं.

अ‍ॅपलचा इतिहास वचनांपेक्षा कृतीतून दिसतो. २०१५चा आयफोन ६एस आयओएस ९वर आला आणि १५पर्यंत गेला, म्हणजे सात पिढ्या. २०१३च्या आयफोन ५एसला सुरक्षेचा अपडेट जानेवारी २०२३मध्येही मिळाला, विक्री सुरू झाल्यानंतर नऊ वर्षं चार महिन्यांनी. मात्र ब्रिटनमधल्या नव्या कायद्यानुसार लेखी हमी द्यायची वेळ आली, तेव्हा आयफोन १५ प्रो मॅक्ससाठी अ‍ॅपलने किमान पाच वर्षं एवढंच लिहून दिलं. लेखी सात वर्षं देणारे आता अँड्रॉइडकडेच अधिक आहेत. त्यांनी ती सात वर्षं पाळली की नाही, हे मात्र २०३० सरल्यावरच कळेल.

या हिशेबाची दुसरी बाजूही सांगायला हवी. अँड्रॉइडची सिस्टिम जुनी राहिली तरी गूगलच्या प्ले सेवा आणि अ‍ॅप स्वतंत्रपणे अद्ययावत होत राहतात. मे २०२५पासून व्हॉट्सअ‍ॅपने आयफोनवर आयओएस १५.१ किंवा त्यापुढची सिस्टिम सक्तीची केली, त्यामुळे २०१४चा आयफोन ६ बाद झाला. त्या वेळी अँड्रॉइडची किमान अट होती अँड्रॉइड ५, जे २०१४मध्येच आलं होतं. सुरक्षिततेच्या दृष्टीने असा जुना फोन वापरणं धोक्याचंच, पण रोजच्या कामापुरता तो चालत राहतो. अपडेटच्या तक्त्यात मागे असलेल्या सिस्टिमचे लोकही समाधानी का दिसतात, याचं एक उत्तर इथे आहे.

बॅटरीचा दोष सिस्टिमच्या माथी

‘अपडेट केला आणि फोन मंदावला’ ही तक्रार साधारण तिसऱ्या वर्षी सुरू होते. तिच्या मुळाशी अनेकदा बॅटरीचं रसायन असतं. लिथियम-आयन बॅटरी प्रत्येक पूर्ण चार्जिंगच्या फेऱ्यात थोडी झिजते. अ‍ॅपलच्या सांगण्यानुसार आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनांची बॅटरी ५०० फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येते, तर आयफोन १५ची १,००० फेऱ्यांनंतर. रोज एक फेरा धरला तर ५०० फेरे दीड वर्षाहूनही कमी काळात संपतात.

डिसेंबर २०१७मध्ये अ‍ॅपलने मान्य केलं की जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून सिस्टिमच त्यांचा वेग कमी करते. ग्राहकांना हे आधी सांगितलं नव्हतं, आणि संताप त्याचाच होता. कंपनीने अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला आणि पुढे तिथल्या दाव्यात ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. मार्च २०१८च्या आयओएस ११.३पासून बॅटरीची उरलेली क्षमता फोनवरच दिसू लागली. त्याच वर्षीच्या आयओएस १२मध्ये जुन्या फोनांचा वेग वाढवण्यावर भर होता. सिस्टिम जुन्या फोनला मंद करू शकते आणि वेगवानही करू शकते, हे एकाच कंपनीने एका वर्षाच्या आत दाखवून दिलं.

ग्राहकाने यातून घ्यायचं ते एवढंच : तीन वर्षांचा फोन त्रास देऊ लागला, तर सिस्टिम बदलण्याआधी बॅटरी बदलून पाहावी. नव्या फोनच्या किमतीच्या छोट्याशा हिश्श्यात पुष्कळदा काम होतं.

भारतात निवड किमतीची

स्टॅटकाउंटर ही संस्था इंटरनेट वापरावरून सिस्टिमचा वाटा मोजते. तिच्या मोजणीत जगभर अँड्रॉइड सुमारे ७२ टक्के आणि आयओएस २७-२८ टक्के असतं. भारतात हेच प्रमाण सुमारे ९५ आणि ४-५ टक्के आहे.

इथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. हजार भारतीयांपैकी ९५० अँड्रॉइडवर आणि ५० आयफोनवर आहेत असं धरू. अमेरिकेतले ९१ आणि ९४ टक्क्यांचे दर त्यांना लावले, तर सगळ्यांचा एकेक फोन बदलून होईपर्यंत सुमारे ८६ जण अँड्रॉइड सोडतील आणि फक्त तिघे आयफोन सोडतील. आयफोनवाले ५०चे १३३ होतील. प्रत्यक्षात अनेक वर्षं लोटली, तरी हा वाटा पाच टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो आहे. भारतातली माणसं अमेरिकेतल्या माणसांपेक्षा अँड्रॉइडवर इतकी अधिक खूश आहेत, असा निष्कर्ष यातून काढायचा का? किमती पाहिल्या की उत्तर मिळतं. आयडीसी या बाजारसंशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२४मध्ये भारतात सुमारे १५ कोटी १० लाख स्मार्टफोन आले आणि त्यांची सरासरी किंमत सुमारे २५९ डॉलर होती, म्हणजे साधारण २१-२२ हजार रुपये. त्याच वर्षी आयफोन १६ची किंमत ७९,९०० रुपयांपासून सुरू झाली. साडेतीन पटींहून अधिक अंतर असेल, तिथे निष्ठेचा दर खिशाचा दर होतो.

किमतीखेरीज भाषाही आहे. अँड्रॉइडची संपूर्ण सिस्टिम मराठीतून वापरण्याची सोय २०१४च्या अँड्रॉइड ५मध्ये आली. आयफोनला ती मार्च २०२५च्या आयओएस १८.४मध्ये मिळाली. दहा वर्षांहून अधिक काळ, फोनची सेटिंग्ज मराठीतून वाचायची असलेल्या माणसासमोर आयफोनचा पर्यायच नव्हता. इंग्रजीत सहज वावरणाऱ्यांनी लिहिलेल्या तुलनांमध्ये या गोष्टीला जागा मिळाली नाही. ती मिळायला हवी होती.

आणि साथ सुटण्याचा फटका सर्वांत आधी बसतो तो स्वस्त फोनवाल्यांना आणि वेगळी वाट निवडणाऱ्यांना. व्हॉट्सअ‍ॅपने कोणाचा हात कधी सोडला, हे पाहिलं की पुरे :

सिंबियन एस६० : ३० जून २०१७
ब्लॅकबेरी : ३१ डिसेंबर २०१७
नोकिया एस४० : ३१ डिसेंबर २०१८
विंडोज फोन : ३१ डिसेंबर २०१९

यानंतर ४ जानेवारी २०२२ला ब्लॅकबेरीने स्वतःच्या जुन्या सिस्टिमच्या सेवा थांबवल्या. कॉल आणि एसएमएस तरी नीट चालतील, याचीही खात्री त्यानंतर उरली नाही. जिओफोन २०१७मध्ये १,५०० रुपयांच्या अनामतीवर मिळत होता. त्याच्या कायओएस या सिस्टिमवर २०१८मध्ये व्हॉट्सअ‍ॅप आलं, आणि २०२४च्या मध्यापासून कायओएसच्या स्टोअरवर ते नव्याने मिळेनासं झालं.

विंडोज फोनची गोष्ट यात सर्वांत जास्त शिकवणारी आहे. वेगवान, नीटस आणि स्वस्त फोनवरही न अडखळणारी ही सिस्टिम तिच्या वापरकर्त्यांना मनापासून आवडत होती. पण एप्रिल २०१२मध्ये अमेरिकेत आलेल्या लुमिया ९००ला विंडोज फोन ८ मिळणार नाही, हे जूनमध्ये जाहीर झालं. इन्स्टाग्राम नोव्हेंबर २०१३पर्यंत आलं नाही. मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोन व्यवसाय घेतला आणि जुलै २०१५मध्ये ७६० कोटी डॉलरचं नुकसान हिशेबात दाखवलं. आवडीच्या जोरावर सिस्टिम जगत नाही. ती अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या आणि कंपनीच्या चिकाटीवर जगते.

वर्षाला किती रुपये

म्हणून फोन घेताना किमतीला उरलेल्या अपडेटच्या वर्षांनी भागावं. ऑक्टोबर २०२४मध्ये आलेल्या गॅलेक्सी ए१६ ५जीची भारतातली किंमत १८,९९९ रुपयांपासून होती आणि वचन सहा वर्षांचं : वर्षाला सुमारे ३,१७० रुपये. १२,००० रुपयांच्या फोनला दोनच वर्षं उरली असतील, तर वर्षाला ६,००० रुपये. ७९,९०० रुपयांचा आयफोन सात वर्षं चालला, तर वर्षाला ११,४०० रुपये, ज्यातून तो विकताना मिळणारी रक्कम वजा करायची. स्वस्त वाटणारा फोन महाग पडू शकतो, आणि हे कळण्यासाठी एका भागाकाराची गरज आहे. कमी रॅमचा फोन सहाव्या वर्षी रखडेल हे खरं, पण तो निदान सुरक्षित राहील.

यात एक काळजी घ्यावी. ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात, आपण विकत घेतल्यापासून नव्हे. दसरा-दिवाळीच्या सवलतीत दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल घेतलं, तर सातांपैकी दोन वर्षं आधीच संपलेली असतात. बँकेचे व्यवहार, यूपीआय, आधार, मुलांचा अभ्यास हे सगळं ज्या यंत्रावर चालतं, त्याची मुदत विकत घेताना माहीत नसणं ही गंभीर गोष्ट आहे.

युरोपीय संघाने २० जून २०२५पासून नियम केला आहे : एखाद्या मॉडेलची शेवटची प्रत बाजारात आल्यानंतर किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे, आणि ८०० फेऱ्यांनंतर बॅटरीत ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. फ्रान्समध्ये दुरुस्ती-सुलभतेचा निर्देशांक २०२१पासून स्मार्टफोनवर छापला जाऊ लागला. भारतात ग्राहक व्यवहार खात्याच्या समितीने मे २०२५मध्ये अशाच निर्देशांकाचा अहवाल दिला, आणि त्याच्या निकषांत सॉफ्टवेअर अपडेटचा समावेश आहे. हा निर्देशांक लवकर लागू व्हावा आणि त्यात गुणांसोबत शेवटच्या अपडेटची तारीखही असावी. औषधाच्या पट्टीवर मुदत छापणं आपण कायद्याने बंधनकारक केलं आहे. फोनच्या खोक्यावर महिना आणि वर्ष छापायला कंपन्यांना जवळपास काहीच खर्च येणार नाही. तो नियम होईपर्यंत दुकानात कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी एक प्रश्न विचारायचा : या मॉडेलला शेवटचा अपडेट कोणत्या वर्षी मिळणार? विक्रेत्याला सांगता आलं नाही, तर कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून मगच पैसे द्यायचे.